दरवर्षीची सुई

संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली की पूर्वी मला मिरचीभज्यांचा वास यायचा. हल्ली खोकला ऐकू येतो. पुढच्या सीटवरचे गृहस्थ रुमालात खोकतात, मागची बाई पदरात, आणि कंडक्टर तिकीट देता देता सरळ हवेत. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या बंद, आणि आत साऱ्या बसचा एकच कोंदट श्वास. बेळगावहून निपाणीला जाणारी ही बस मी वर्षानुवर्षं पकडते आहे, पण या दिवसांत तिच्यात चढताना माझ्या कपाळाला आठ्या पडतात. लोकांना भादवा म्हटलं की गणपती आठवतात. मला फ्लू आठवतो.

या हंगामाला पंचांगात नाव नाही. तरी तो न चुकता येतो, आणि दर वेळी थोडा वेगळा होऊन येतो. त्या ‘थोडा वेगळा’पायी माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली आहेत. मी बेळगावात एका प्रयोगशाळेत काम करते. सगळ्या प्रकारच्या फ्लूवर चालेल अशी एकच लस करता येईल का, या जगभर चाललेल्या शोधाचा एक बारीकसा तुकडा आमच्या वाट्याला आला आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण कॅन्सरवर काम करते. तिचं नाव काढलं की लोक खुर्ची सरकवून जवळ येतात. माझं ऐकलं की म्हणतात, फ्लू? म्हणजे सर्दीच की. वर आल्याचा काढा सुचवतात. खासबागेतल्या माझ्या घरमालकीणबाईंनी तर मला ओव्याची पुरचुंडी दिली होती, प्रयोगशाळेत न्यायला.

गेल्या वर्षीचा भादवा मात्र सर्दीचा नव्हता.

आप्पांपासून सुरुवात करावी लागेल. माझ्या वडलांचं सगळं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. पाला सुकवायचा, कुटायचा, चाळायचा, पोती भरायची. उन्हाळ्यात आमच्या गावातून नुसतं चालत गेलं तरी नवख्या माणसाला शिंका येतात. आप्पा त्या धुरळ्यात तोंडाला फडकं बांधून दिवसभर उभे असायचे. संध्याकाळी ते दारात यायच्या आधी त्यांच्या सदऱ्याचा वास यायचा, गोडूस आणि तिखट. लहानपणी मला तो वास आवडायचा. पुढं मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, फुफ्फुसांची चित्रं बघितली आणि त्या वासाची चीड यायला लागली. आम्हा दोघा भावंडांना शिकवून उभं करायचं म्हणून त्यांनी तो धुरळा गिळला, हे कळत असल्यामुळं ती चीड धड काढताही येत नाही. आता त्यांच्या छातीत शिट्टी वाजते. खिशात औषधाचा पंप असतो. विहाराच्या तीन पायऱ्या चढल्या की ते खांबाला धरून उभे राहतात आणि कुणीतरी बोलायला थांबवल्यासारखं दाखवतात.

अशा माणसाला फ्लू होणं म्हणजे काय, हे मला कामामुळं नको इतकं ठाऊक होतं. म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मी निपाणीला जायची आणि लस घ्या म्हणून त्यांच्या मागं लागायची. दरवर्षी सोप्यात बसून तेच भांडण व्हायचं. आप्पा सदऱ्याची बाही वर करून दंडावरचा देवीच्या लसीचा वण दाखवायचे.

“ही एकदा टोचली सुजे. जन्म निघाला. तुझी सुई दरवर्षी का लागतीया? कच्ची हाय म्हणूनच न्हवं?”

याला उत्तर द्यायला माझ्याकडं खरं तर सगळी हयात आहे, पण सोप्यात बसून ते देता येत नाही. तरी मी दरवर्षी द्यायची. देवीचा विषाणू बदलत नव्हता, हा बदलतो. त्याच्या अंगावर खुंटासारखी प्रथिनं असतात. आपली लस शरीराला तीच ओळखायला शिकवते. पुढच्या पावसापर्यंत त्या खुंटांची ठेवण बदललेली असते आणि शिकवलेलं निम्मं वाया जातं. म्हणून दरवर्षी नवी लस, आणि तीही अंदाज बांधून केलेली, कारण करायला कित्येक महिने लागतात आणि विषाणू तोवर थांबून राहत नाही. पण त्याच्या आतली काही प्रथिनं मात्र फारशी बदलत नाहीत. ती बाहेरून दिसत नाहीत. विषाणू आपल्या एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी त्यांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून दाखवते, आणि ते ओळखणाऱ्या वेगळ्या पेशी आपल्या रक्तात असतात. त्यांना टी-सेल म्हणतात. त्या विषाणूला दारात अडवत नाहीत. तो घुसल्यावर, ज्या पेशीत तो बसला आहे ती पेशीच मारून टाकतात. म्हणजे ताप येतो, पण आजार खोल जात नाही. त्या टी-सेलना नीट शिकवणारी लस सापडली तर दरवर्षीच्या अंदाजाचा जाच बराच कमी होईल.

आप्पा हे सगळं मान डोलवत ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, मग तीच लस का न्हाय देत? मी म्हणायची, अजून झाली नाही. ते म्हणायचे, तू तर कवाधरनं करतीयास. मी चहाचा कप उचलून आत जायची.

माझा भाऊ राहुल गावातल्याच हायस्कुलात शिकवतो. या भांडणात तो मोबाइल बघत बसायचा आणि मधेच एखादा व्हिडिओ मोठ्यानं लावायचा. त्यात कुणी अनोळखी माणूस हिंदीत सांगत असायचा की लस हा सगळा कंपन्यांचा खेळ आहे. मी तावातावानं काही बोलायला गेले की राहुल म्हणायचा, आक्का, मी कुठं काय म्हणालो, नुसतं आलंय ते ऐकतोय.

गेल्या वर्षी मात्र थोडं जमलं. आमच्या अभ्यासासाठी निपाणीच्या समाजमंदिरात शिबिर लागलं होतं. हंगामाच्या आधी म्हाताऱ्या माणसांचं रक्त घ्यायचं, त्यातल्या टी-सेल मोजायच्या, मग हंगामभर दर आठवड्याला फोन करून ताप आला का विचारायचं. रक्त दिल्यावर ज्यांना हवी त्यांना त्या वर्षीची लस तिथंच. आप्पा पहिल्या रांगेत जाऊन बसले. रक्त तपासून मिळतंय म्हटल्यावर त्यांना रिपोर्ट हवा होता. मी आधीच बजावलं होतं की या तपासाचा रिपोर्ट कुणालाच मिळत नाही. नळीवर फक्त आकडा असतो, कुणाचं रक्त कुठलं हे मलासुद्धा कळत नाही. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, “माझं कसं निघालं?” पुढं महिनाभर ते रोज विचारत होते. माझी पोरगी तिथंच कामाला असून मला रिपोर्ट दावत न्हाय, असं त्यांनी गावभर करून टाकलं.

आईलाही मी चल म्हणाले होते. आई अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला काखोटीला मारून दिवसभर हिंडायची. त्या पोरांची प्रत्येक सर्दी, प्रत्येक ताप तिनं अंगावर घेतला असणार. मला तिचं रक्त बघायची फार इच्छा होती. ती म्हणाली, शेळ्या कोण बघणार? शेळी व्याली होती हे खरं, पण समाजमंदिर घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. माझं काय बघायचं असतंय, असं म्हणून ती परड्यात निघून गेली. रक्त राहिलं आणि लसही राहिली.

आप्पांनी मात्र माझ्यावर उपकार केल्यासारखी लस घेतली.

आणि भादव्यात त्यांनाच फ्लू झाला.

राहुलच्या शाळेत निम्मा वर्ग तापानं आडवा होता. मग राहुल पडला, दोन दिवसांत उठला. त्यानंतर आप्पांना थंडी वाजून आली. मी फोनवर सांगत होते की वाट बघू नका, छातीचा माणूस आहे, आजच दवाखान्यात न्या. राहुलनं नेलं. तिथं सलाईन लावून एक कसलंसं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, म्हणे व्हायरल आहे. हा ‘व्हायरल’ शब्द मला सहन होत नाही. विषाणू कुठला, ते न विचारण्यासाठी शोधून काढलेला शब्द आहे तो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. एरवी ती मला कधी फोन करत नाही, राहुलला करायला लावते. म्हणाली, ह्यांची नखं निळी दिसाय लागल्यात.

ॲम्ब्युलन्समधून त्यांना बेळगावात आणलं. वाटेत हत्तरगीच्या टोलनाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. आई फोन कानाला लावून बसलेली, आणि पलीकडून मला ऑक्सिजनची सूं सूं ऐकू येत होती. मी हॉस्पिटलच्या दारात उभी राहून त्या टोलनाक्याला, त्या डॉक्टरला, वखारीच्या धुरळ्याला आणि फ्लूच्या विषाणूला आळीपाळीनं शिव्या घालत होते. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. इतकी वर्षं शिकून, इतके प्रयोग करून, ऐन वेळी मी स्ट्रेचर ढकलायच्या कामाची होते.

नाकातल्या स्वॉबची तपासणी झाली. फ्लूच होता. आप्पांच्या तोंडावर मास्क चढला. मशीन आत हवा ढकलायचं आणि त्यांची छाती वर यायची. गालांची हाडं एकदम पुढं आली होती. मला बघितल्यावर त्यांनी मास्क बाजूला सरकवला. वाटलं, काही महत्त्वाचं सांगायचं असेल.

“घेतलती की तुझी लस,” ते म्हणाले.

नर्सनं मास्क परत बसवला. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. मला रडू यायला हवं होतं, पण रागच आला. लस माझी नव्हती. जी माझी आहे ती झालेलीच नाही.

आई त्यांच्या उशाशी बसून होती. स्टूलवर पाय वर घेऊन, पदर तोंडाला लावून. दुसऱ्या दिवशी तिचा हात माझ्या हाताला लागला तर तो गरम. तिला ताप होता, घसा बसला होता, अधूनमधून खोकत होती. ती म्हणाली, एसीनं झालंय. मी जवळजवळ ओढतच तिला तपासणीला नेलं. नाकात काडी घातल्यावर ती लॅबमधल्या पोरावर इतकी वसकली की त्यानं दुसऱ्यांदा काडी घालायची हिंमत केली नाही. निकाल आला. आप्पांना जो होता तोच, त्याच जातीचा फ्लू. वय जवळजवळ तेच, घर तेच, विषाणू तोच, आणि लससुद्धा न घेतलेली. मी तिला माझ्या घरी नेऊन निजवलं, गोळ्या उशाशी ठेवल्या. संध्याकाळी परत येऊन बघते तर ती उठून भांडी घासत होती. ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी केल्या. त्यानंतर तिचा खोकलाही मी ऐकला नाही.

राहुल आप्पांना बघायला आला तेव्हा हे सगळं त्याला कळलं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्यानं इडलीचा तुकडा सांबारात बुडवला आणि शांतपणे म्हणाला, “आक्का, आता घरातच पुरावा हाय. ज्यांनी लस घेतली ते मशीनवर. जिनं घेतली न्हाय ती भाकरी थापतीया.”

मी त्याला सांगितलं की आप्पांची फुफ्फुसं तंबाखूच्या धुरळ्यानं खाल्लेली आहेत, आईची नाहीत. म्हाताऱ्या शरीरात लस कमी धरते. आईनं आयुष्यभर पोरांचे ताप झेललेत, त्यामुळं तिच्या रक्तात त्या आतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या टी-सेल भरपूर असू शकतील. आणि लस घेतली नसती तर आप्पा आज असते की नाही, कुणास ठाऊक. राहुलनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, ह्यातलं तू सिद्ध काय करू शकतीस?

काहीच नाही. तिथंच तर माझा जीव जातो. त्याच्याजवळ दोन डोळ्यांना दिसणारी दोन माणसं होती. माझ्याजवळ न घडलेल्या गोष्टी होत्या. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, लस घेतली होती म्हणून घशात नळी घालायची वेळ आली नसेल. नसेल. असेल. एवढ्या मोठ्या शास्त्राचा सगळा भार शेवटी अशा एका शब्दावर येऊन टेकतो, आणि कँटीनमध्ये बसलेल्या भावाला तो शब्द पुरत नाही.

मी आमच्या मॅडमकडं गेले. त्या आमच्या गटाच्या प्रमुख. मितभाषी बाई, चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. मी म्हटलं, माझ्या आईचं रक्त घेऊया. ताजा फ्लू, लस नाही, आजार नावालाच. आपण शोधतोय ते कदाचित तिच्यात आहे. मॅडमनी विचारलं, हंगामाच्या आधीचं तिचं रक्त आहे का? नव्हतं. मग फ्लू होण्याआधी तिच्या टी-सेल किती होत्या हे कसं कळणार? आता ज्या दिसतील त्या या तापानंच वाढलेल्या असतील. आणि टी-सेल नुसत्या रक्तात नसतात, फुफ्फुसांतही मुक्कामाला असतात. तिथून काय तू तुकडा काढून आणणार? मग चष्मा डोळ्यांवर घेत त्या म्हणाल्या, “एक बाई म्हणजे पुरावा नव्हे, सुजाता.”

बरोबर होतं. मीसुद्धा दुसऱ्या कुणाला तेच सांगितलं असतं. राहुलला जे सांगता येत नव्हतं ते मॅडमनी मलाच सांगितलं होतं. जिना उतरताना मला त्या दोघांचाही सारखाच राग येत होता.

आप्पा वाचले. मास्क निघाला, मग नाकातली नळी निघाली, मग एक दिवस त्यांनी तिखट काहीतरी आण म्हणून सांगितलं. घरी गेले तेव्हा मोकळं पोतं उचलावं इतकंच त्यांचं वजन राहिलं होतं. फुफ्फुसाचा जो भाग गेला तो परत येणार नव्हता. आता ते विहारात जात नाहीत. त्यांच्यासाठी दारात खुर्ची टाकतात, तिथं बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. संध्याकाळी वखारीतले जुने सोबती येऊन बसतात. त्यांच्यात हा किस्सा ठरून गेला आहे. लस घेतली आणि मरता मरता वाचलो, असं आप्पा सांगतात. त्यातला ‘वाचलो’ कुणी ऐकत नाही. मी समोर असले की मला मधे पडावंसं वाटतं. मग त्यांना बोलताना लागलेली धाप ऐकू येते आणि मी उठून पाण्याचा तांब्या आणते.

हिवाळाभर मी प्रयोगशाळेत रक्त फिरवत होते. नळीत खाली दाट द्रव घ्यायचा, त्यावर रक्त अलगद सोडायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, आणि दोहोंच्या मधे ढगासारखा एक पातळ पांढरा थर येतो. टी-सेल त्या थरात. तो काढताना श्वास रोखावा लागतो. मग त्या पेशींना एका ताटलीत विषाणूच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे दाखवायचे. ज्या ओळखतील त्या एक रसायन सोडतात, आणि जिथं ते सुटलं तिथं दुसऱ्या दिवशी निळा ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे ओळखणारी एक पेशी. काम सुंदर आहे. पण वीज जाते. इन्व्हर्टर चालू व्हायच्या आधी उबवणी यंत्र गार पडतं आणि सगळी ताटली वाया जाते. पेशी गोठवून ठेवलेल्या असल्या तर वितळताना निम्म्या मरतात. द्रवरूप नायट्रोजनची टाकी हुबळीहून वेळेवर येत नाही आणि फोन केला की चालक कन्नडमध्ये सांगतो, बंदे मॅडम, बंदे, आलोच, आणि येत नाही. एवढं करून शेवटी जे हाती लागलं ते मॅडमच्या शब्दांत असं होतं: ज्यांच्यात ठिपके जास्त ते कमी आजारी पडल्यासारखे दिसतात, पण खात्रीनं म्हणायला आणखी माणसं हवीत, आणखी एक हंगाम हवा.

आणखी एक हंगाम. जणू तो कुठं पळून चालला होता.

यंदा शिबिर परत निपाणीत लागलं. मी मनाशी ठरवलं होतं की घरात विषय काढायचा नाही. कुणाच्या मागं लागायचं नाही. आप्पांना त्यांच्या डॉक्टरांनीच दम भरला होता, त्यामुळं नर्सनं घरी जाऊन त्यांना लस दिली. त्यांनी ती तोंड वाकडं करून घेतली, एवढं मला कळलं होतं. सकाळी मी समाजमंदिरात नळ्या लावत होते. मान वर करून बघते तर बायकांच्या रांगेत आई बसली होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, हातात पिशवी. तिच्या शेजारी राहुल. तो माझ्याकडं बघत नव्हता.

नातेवाइकांचं रक्त मी काढायचं नाही आणि त्यांची माहिती मी विचारायची नाही, असा आमचा नियम आहे. त्यामुळं मी टेबलापासून लांब उभी राहिले. पण ऐकू येत होतं. नर्स सगळ्यांना विचारत होती तेच तिनं आईला विचारलं. गेल्या हंगामात फ्लूनं आजारी पडला होता का?

“आजारी? मी न्हाय बाई,” आई म्हणाली. “आमच्या ह्यांस्नी झालता.”

मला राहवलं नाही. मी तिथूनच म्हटलं, आई, तुझा तपास झालता, फ्लू निघालता की. आईनं माझ्याकडं असं बघितलं जसं अंगणवाडीतल्या मधेमधे बोलणाऱ्या पोराकडं बघत असेल. म्हणाली, “त्यो व्हय? एक दिसाचा ताप त्यो. त्याला आजार म्हणत्यात व्हय?” नर्स बिचारी एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं आजार नाही असं लिहून टाकलं आणि आईच्या दंडाला पट्टा बांधला.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तिनं जे सांगितलं तेच लिहिलंय ना? मग राहू दे. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या आईचं दुरुस्त करत बसेल. मी फोन ठेवला. माझ्या माहितीतला सगळ्यात मोलाचा फ्लू आता कागदावर कुठंच झालेला नव्हता. जी बाई भाकरी थापत फ्लूतून पार झाली, ती स्वतःच त्याला फ्लू मानायला तयार नव्हती, आणि शास्त्र तिच्या बाजूनं उभं होतं.

बाहेर राहुल मोटारसायकलला टेकून उभा होता. आईला कुणी आणलं ते मी विचारलं नाही. तोच म्हणाला, “आप्पांचं मशीनवरचं बघितलंय आक्का मी. आईला तसं बघायचं न्हाय मला.” बस, एवढंच. माझं म्हणणं त्याला पटलं असं तो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोबाइलवरून घरच्या ग्रुपवर आणखी एक व्हिडिओ आला, लसूण खाल्ल्यानं विषाणू मरतात असा. मी तो उघडला नाही.

नळ्या बर्फाच्या पेटीत घालून शिबिराच्याच दिवशी बेळगावला आणल्या होत्या. वर फक्त आकडे. त्यांतली एक आईची होती. कुठली, ते शोधायचा मोह झाला. नळ्या भरल्या त्या क्रमानं लावून बघावं असं वाटलं, आणि मग मी मुद्दाम पेटीतल्या सगळ्या सरमिसळ केल्या. एकेका नळीतला तो पांढरा थर काढताना मात्र मी एरवीपेक्षा जास्त जपून काढत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, हीच असली तर? वीज गेली नाही. नायट्रोजनची टाकीही वेळेवर आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटल्या धुऊन भिंगाखाली धरल्या. काहींत ठिपके विरळ होते, बोटावर मोजण्यासारखे. काहींत मध्यम. आणि काहींत इतके दाट की निळं पाखरू बसल्यासारखं दिसत होतं. ते दाट कुणाचे ते मला कळणार नव्हतं. तशी एकच ताटली असती तर मी मनात आईचं नाव घातलं असतं, पण तशा बऱ्याच होत्या. त्या शिबिराच्या रांगेत बायका कितीतरी होत्या. पोरं वाढवलेल्या, वखारीत तंबाखू निवडलेल्या, दवाखान्याची पायरी न चढलेल्या. त्यांतल्या कितीजणींनी काल नर्सला ‘मी आजारी पडले न्हाय’ म्हणून सांगितलं असेल, ते मोजायची माझ्याकडं सोय नव्हती. मी ठिपके मोजत राहिले. मोजता मोजता चिडचिड कधी उतरली ते कळलं नाही. पूर्ण उतरली असं म्हणणार नाही. ती पुढच्या ताटलीला परत आली, तिच्यात बुडबुडा शिरला होता.

संध्याकाळी मी घरी फोन केला. आप्पांनी उचलला आणि धापा टाकत आधी यंदाच्या रिपोर्टचं विचारलं. यंदा तर त्यांनी रक्तही दिलं नव्हतं. मग फोन आईकडं गेला. रक्त डाव्या हातातून काढलं म्हणून तिला लस उजव्या दंडावर दिली होती. मी विचारलं, दंड दुखतोय का? ताप वगैरे?

“ताप न्हाय,” ती म्हणाली. “दंड ठणकतोय, शेळीची धार काढाय येईना. त्या नर्सबाईला सांगून ठेव. म्होरल्या वर्षी रक्त उजव्या हातातनं काढा म्हणावं, आनि सुई डाव्याला.”